वाट्याचं कोकरू

त्या गुरुवारी दुपारी तलावाच्या कामावरून लांडग्याने माझ्या बहिणीला नेलं. तिचं नाव सखू होतं. ती अठरा महिन्यांची होती. माय माती वाहत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरांमागे होते. सखूपाशी मी होते.

गेल्या महिन्यात मी त्या माळावर जाऊन आले. पवनचक्कीवाल्यांनी आमच्या तुकड्यातून रस्ता काढला आहे, त्याच्या कागदावर वारसाची सही हवी होती. बीडहून नेकनूरपर्यंत एसटी, पुढे जीप. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी फारशी कुठे जात नाही, आणि त्या बाजूला तर मुळीच नाही. सही उभ्या उभ्याच झाली. जीपवाला म्हणाला, परतीचं भाडं भरेपर्यंत तासभर लागेल. मग मी चालत वर गेले.

वर सात-आठ पवनचक्क्या आहेत. पातं खाली येताना श्वास सोडल्यासारखा आवाज होतो, आणि तो संपायच्या आत दुसरं येतं. दरडीखालच्या ओघळीत मुरूम टाकून रस्ता केला आहे. लांडग्याचं बीळ कुठे होतं ते मला नेमकं दाखवता आलं नसतं. पण उन्हाने तापलेल्या कुसळी गवताचा वास तोच होता. भाजलेल्या धान्यासारखा, घशाशी थोडा कडवट. त्या वासात मी उभी राहिले आणि मला अण्णांच्या घोंगडीचा वास आला, मग ओल्या लोकरीचा, मग नुकत्या विलेल्या मेंढीच्या चिकाचा.

आम्ही धनगर. पावसाळाभर आमची मेंढरं याच माळावर असत. पौषात ती खाली काळ्या रानात उतरत आणि लोकांच्या शेतात खतासाठी बसत. मेंढरांभोवती सुतळीचं जाळं लावत, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या आत शेकडो जनावरं रवंथ करत असली की पाण्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येतो. त्या आवाजात मी झोपायला शिकले. अजूनही झोप लागली नाही की तो आठवून बघते. हल्ली तो नीट आठवत नाही.

माळावर असताना आमच्यात लांडग्याचं नाव घेत नसत. पाव्हणा म्हणत. अण्णा सकाळी ओघळीकडे जाऊन येत आणि मायला सांगत, ‘पाव्हणा येऊन गेलाय.’ माय विचारी, ‘एकटाच हुता का मंडळी हुती?’ एखाद्या सोयऱ्याची चौकशी करावी तशी.

दिवाळीनंतर मेंढ्या विऊ लागत. चंपाषष्ठीच्या दिवशी अण्णा आंघोळ करून, खंडोबाचा भंडारा मुठीत घेऊन वाघरीत शिरत. कोकरं चाचपत, तोंडं उघडून बघत, पाय ताणून बघत. मग एकाच्या कपाळाला भंडारा लावत आणि म्हणत, ‘हे पाव्हण्याचं.’ ते वाट्याचं कोकरू. त्याला बांधून ठेवायचं नाही की मुद्दाम पुढे करायचं नाही. ते इतरांसारखंच चरायचं. पण पाव्हण्याने ते नेलं, किंवा त्याच्याऐवजी दुसरं एखादं नेलं, तर वर्षाचा वाटा निघाला असं धरायचं. कुत्री मागे लागली की अण्णा शीळ घालून त्यांना परत बोलावत. तोंडातलं काढून घ्यायचं नाही, हा नियम होता. दुसऱ्या खेपेला मात्र आला तर काठ्या, गोफणी, कुत्री, सगळं. ‘वाटा येगळा, चोरी येगळी,’ अण्णा म्हणत. हे पाव्हण्यालाही ठाऊक आहे असं त्यांना वाटे. आणि खरंच, माझ्या लहानपणी तो दुसऱ्या खेपेला क्वचितच आला.

वर्ष संपलं आणि वाट्याचं कोकरू शिल्लक राहिलं, तर ते विकत नसत, कापत नसत. आमच्याकडे अशी एक मेंढी होती, भागी. तिचे दात पडले होते. माय तिला पाण्यात भिजवलेली भाकरी चारायची. मी तिच्या पाठीला टेकून पाढे पाठ केले, आणि गुरुजींनी शाळेच्या पेटीतून दिलेली पुस्तकं वाचली. तिच्या पोटातली गुरगुर कानाला लागायची. बहात्तरच्या दुष्काळात आमच्यातली पहिली ती गेली.

त्या दुष्काळाचं मी फार लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीचा लाल रंग आणि तिचा कुबट वास. कामावर पातेल्यात मिळणारी सुकडी, गोडसर, बोटांना चिकटणारी. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरताना खडकावर वाटी घासल्याचा आवाज. नाना, म्हणजे माझा चुलता, निम्मी मेंढरं घेऊन गोदाकाठाला उमापूरच्या बाजूला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्यामागे नऊ मेंढ्या होत्या. मायने त्याला पाणी दिलं.

त्याआधी पावसाळ्याच्या तोंडावर मेंढपाळांची सहकारी सोसायटी निघाली होती. आमची स्वतःची मेंढरं मरत गेली तसतशी सोसायटीची आली. चांगल्या जातीची, उंच, पांढऱ्या तोंडाची. प्रत्येकीच्या कानात पत्र्याचा बिल्ला. त्यांना कोकरं झाली की कोकरांच्या कानातही बिल्ला. मेंढी मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणून दाखवायचा. कान नाही तर मेंढी विकून खाल्ली असं धरलं जाई.

चेअरमन जीपमधून आले तेव्हा अण्णांनी त्यांना विचारलं, ‘लांडग्यानं नेली तर कान कुठनं आणू?’

चेअरमन हसले. वाईट माणूस नव्हता. ‘पाव्हणा हाय म्हनं ना तुमचा? मग त्यालाच सांगा की, कान ठिवून जात जा.’

सगळे हसले. नानाने वर पुस्ती जोडली, ‘न्हाईतर त्यालाच मेंबर करून घ्या, चेअरमन. सभेला तरी येईल. आमचे मेंबर येत न्हाईत.’ त्यावर अण्णाही हसले. दुष्काळात माणसं हसत नसत असं नाही.

त्या वर्षी चंपाषष्ठीला अण्णा नेहमीसारखे भंडारा घेऊन वाघरीत शिरले. मी कुडाला टेकून बघत होते. त्यांनी एक कोकरू उचललं, बिल्ला पाहिला, खाली ठेवलं. दुसरं उचललं. नाना बाहेरून म्हणाला, ‘अण्णा, सोसायटीच्या कोकराला लावतूस व्हय? ते आपलं न्हाई.’

‘मग आपलं कोणचं हाय?’

‘आपलं? आपली भागी हुती. ती गेली.’

कोकरं त्यांच्या धोतराला तोंड लावत होती. मग त्यांनी मुठीतला भंडारा स्वतःच्या कपाळाला पुसला आणि बाहेर आले. जे आपलं नाही त्यातून वाटा काढायचा नाही, हाही नियमच होता. असा प्रसंग पूर्वी कुणावर आला नव्हता, एवढंच. अण्णांनी ज्याचा माल त्याचा ठेवला. आज मला वाटतं, तिथे चेअरमन असते तर म्हणाले असते, लाव बाबा एकाला, कानाचं बघू पुढचं पुढं. पण विचारायला कुणी गेलं नाही.

त्या पौषात मेंढरं खाली उतरलीच नव्हती, काळ्या रानातही काही नव्हतं. फाल्गुनात एका सकाळी अण्णांनी मला दरडीवर नेलं. पालथं झोपायला लावलं आणि खाली बोट केलं. ओघळीच्या काठाला, करपलेल्या बोरीखाली बीळ होतं. बाहेर चार पिलं होती, मातीच्या रंगाची. एकमेकांच्या कानांना धरून ओढत होती. मग मादी आली. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि पोटाखाली स्तन ओघळले होते. ती आडवी झाली, चारही तिच्यावर पडली. अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, ‘हिला दूध कुठनं येतंय कुणास ठाऊक.’ उठताना म्हणाले, ‘कुणाला सांगू नगंस.’

‘न्हाई सांगत,’ मी म्हणाले.

तलावाचं दुष्काळी काम माळाच्या खालच्या अंगाला चालू होतं. धनगराच्या बायका तोवर मातीकामाला गेल्या नव्हत्या. माय पहिल्या दिवशी घरून निघताना आरशात बघून पदर दोनदा नीट करून गेली. मी सखूला घेऊन तिच्याबरोबर जायची. जुन्या लुगड्याची झोळी बाभळीला बांधलेली. मी झोका द्यायची आणि वाचायची. त्या गुरुवारी माझ्याकडे समुद्रावरचं पुस्तक होतं. जहाजं, शिडं, दीपगृह. मी तळंसुद्धा भरलेलं पाहिलं नव्हतं त्या वर्षी.

दुपारी सुकडीची शिटी झाली. बायका पातेली घेऊन रांगेला पळाल्या. मायने जाता जाता हाक दिली, ‘सखूला बघ गं.’ मी मान वर न करता ‘हूं’ म्हणाले. ऊन सरकलं होतं, पानावर पडत होतं. वीसेक पावलांवर खडीचा ढीग होता, त्याची सावली होती. मी तिथे जाऊन बसले. झोळीकडे माझी पाठ होती. किती पानं वाचली ते मला माहीत आहे. सहा.

एक बाई ओरडली. मी वळले तेव्हा झोळी हलत होती.

माणसं कुदळी घेऊन ओघळीत धावली. जे मिळालं ते नानाने धोतराच्या सोग्यात आणलं. मला बघू दिलं नाही. कुणी म्हणालं लांडगा दिसला, कुणी म्हणालं तरस होतं. जनावर पाठमोरं पाहिलेल्या एका म्हाताऱ्याने लांडगा म्हटलं आणि तेच ठरलं.

अण्णा आले तेव्हा मुकादम विचारत होता, ‘पोरीपाशी कोण हुतं?’ माय खाली बसली होती. मी पुस्तक परकराखाली धरलं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुकादमाकडे वळून म्हणाले, ‘मी वाटा बंद केला. त्यानं तो घरातनं नेला.’

त्यानंतर ‘पोरीपाशी कोण होतं’ हे कुणी विचारलं नाही. वाड्या-वस्त्यांवर एकच बोलणं झालं, धनगराने वाटा चुकवला आणि लांडग्याने लेकरू नेलं. अण्णांचा त्यावर खरोखर विश्वास होता, की त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून ते तसं बोलले, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा दोन्ही.

मायला ते पटलं नव्हतं. ‘वाट्याचं काय घिऊन बसलात,’ ती म्हणाली. ‘भुकेलं हुतं. घिऊन गेलं.’

चौथ्या दिवशी चेअरमन, नाना आणि वाडीतली पाच-सहा माणसं आमच्या दारात आली. अण्णांना बीळ ठाऊक असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

‘दाव म्हंजे झालं,’ नाना म्हणाला. ‘आमी बघतो पुढचं.’

अण्णा जागचे हलले नाहीत.

‘का दावत न्हाईस रं? तुझी पोरगी गेलीय, माझी न्हाई.’

‘तिच्याबद्दल बोलू नगंस.’

चेअरमन म्हणाले, ‘हे बघा, आज तुमचं गेलं. उद्या कामावरचं आणखी एखादं जाईल. चारशे माणूस हाय तिथं. बाया लेकरं कुठं ठेवतील?’ हे खरं होतं.

तेवढ्यात माय बाहेर आली. तिचं पोलकं छातीवर ओलं होतं. सखू अंगावर पीत होती, दूध आटलं नव्हतं. परक्या माणसांसमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी चौकटीला धरून बोलली.

‘पिलं हायेत का तिला?’ तिने अण्णांना विचारलं.

‘हायेत. चार.’

‘चार दिस झाले, मी पान्हा भुईवर पिळती,’ ती चेअरमनना म्हणाली. ‘लई कळ येती. तिला तसं करायला लावू नका.’ मग अण्णांकडे वळली. ‘दावणार न्हाई म्हणा.’

‘न्हाई दावत,’ अण्णा म्हणाले.

माणसं खाली बघत निघून गेली. नाना तेवढा थांबला आणि म्हणाला, ‘दोघं बी येडे झालात.’

पुढचे दिवस मायने त्या एका शब्दावर काढले असं मला वाटतं. ती जेवत नव्हती, पण अण्णांशी बोलत होती. अण्णा बाजेवर बसले की ती खाली जवळ बसे. सखूची कुंची घडी करी, उलगडी, पुन्हा घडी करी. ‘शबूद पाळा,’ ती मध्येच म्हणायची. अण्णा म्हणायचे, ‘पाळतो.’ विहिरीवर बायका आमच्या घराला लांडग्याचे सोयरे म्हणू लागल्या. मायने ते ऐकलं आणि घागर भरून सरळ घरी आली.

एका सकाळी अण्णा मेंढरं घेऊन लांब गेले होते. नाना मला शेळ्यांच्या कुडामागे भेटला. खाली बसला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

‘बाई, तुला ठाऊक हाय ना बीळ? तुझा बा तुला नेतो सगळीकडं.’

मी कुडाची एक काडी ओढून मोडली.

‘अजून कुणाचं लेकरू गेलं तर काय हुईल? लोक पुन्ना समदं उकरतील. पैल्या टायमाला कोण कुठं हुतं, कोण काय करत हुतं. मायला तुझ्या पुन्ना समदं ऐकाया लागंल.’

नानाला पुस्तकाचं ठाऊक नव्हतं. तो फक्त मायचं दुःख सांगत होता. पण मी उठले आणि त्याच्यापुढे चालू लागले. मला सखूचा सूड नको होता, कामावरची लेकरं वाचवायची आहेत असंही माझ्या मनात नव्हतं. लांडगा मेला की प्रश्न मिटेल आणि कुणी काही विचारणार नाही, एवढंच होतं. दहा वर्षांची होते, म्हणून हे क्षम्य होतं असं मला कधी वाटलं नाही.

दरडीवरून मी बोट केलं. माणसं खाली उतरली. बिळाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या, वर वाळक्या मिरच्या. धूर आधी पांढरा होता, मग पिवळट झाला. सगळे खोकत होते, डोळे पुसत होते, आणि खोकताना एकमेकांना हसतही होते. मादी बाहेर गेलेली होती. पिलं एकामागोमाग एक बाहेर आली. काठ्यांचा आवाज मी ऐकला. नंतर ती पोत्यावर ओळीने ठेवली. सखूच्या झोळीत चारही मावली असती.

धूर बघून अण्णा पळत आले. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग दरडीवर माझ्याकडे. माझे डोळे मिरचीने लाल झाले होते. नाना म्हणाला, ‘अण्णा, रागवू नगंस. पोरीनं...’

‘मी दावलं,’ अण्णा म्हणाले.

‘तू तर इथं नव्हतास...’

‘मी दावलं म्हन. समद्यांनी तसंच म्हना. घरी बी.’

माणसांना ते सोयीचंच होतं. धनगराने स्वतः बीळ दाखवलं, हे सांगायला बरं दिसत होतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

माय चुलीपाशी होती. अण्णा उंबऱ्याच्या आत न येताच म्हणाले, ‘दावलं मी. मारली.’ माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मग तिने ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, भाजली, ताटात ठेवली आणि ताट अण्णांपुढे सरकवलं.

ती त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. चोवीस वर्षं. जेवायला वाढी, धोतर धुई, आजारात पाय चेपी. पण जे सांगायचं ते माझ्याकडून. ‘तुझ्या बाला म्हन, पाणी तापलंय.’ ‘तुझ्या बाला इचार, मेंढरं कधी उतरवायचीत.’ अण्णाही मला सांगत, ‘मायला म्हन, आलो.’ त्या दोघांचा संसार माझ्या तोंडून चालला. मी शिकायला बीडला गेले तेव्हा तो पोस्टकार्डांवरून चालला. मायला वाचता येत नसे, शेजारची पोरं वाचून दाखवत. माझ्या प्रत्येक पत्रात अण्णांसाठी एक आणि मायसाठी एक वाक्य असे, एकमेकांना द्यायचं.

मादी त्यानंतर काही दिवस तिन्हीसांजेला दरडीवर येत होती. आवाज करी. ओरडणं म्हणता येणार नाही. मोटेचं चाक कोरडं पडलं की जसं लांबत जातं, तसं काहीतरी. माय हातातलं काम टाकून अंगणात जाऊन उभी राही, छातीवर हात दाबून. अण्णा आतच बसत. मी दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर. मग एका संध्याकाळी आवाज आला नाही. त्यानंतर आमच्या माळावर कधीच आला नाही. कामावरचं दुसरं लेकरूही गेलं नाही. त्यामुळे लोक बरोबर ठरले. सखूला त्याच लांडग्याने नेलं होतं का, हे विचारायची गरज कुणाला उरली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माळ हिरवा झाला आणि सोसायटीची उंच, पांढऱ्या तोंडाची मेंढरं त्या ओल्या गवतात खुरांच्या रोगाने मेली. अण्णा कान कापून नेऊन देत राहिले. एक दिवस सोसायटीच्या दाराला कुलूप होतं. ते पिशवी घेऊन परत आले आणि परसात खड्डा केला. चंपाषष्ठीला ते आंघोळ करत, खंडोबाला हात जोडत. भंडारा हातात घेताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

अण्णांचे शेवटचे दिवस बीडच्या दवाखान्यात गेले. माय बाहेर बाकावर बसली होती. मी त्यांना विचारलं, ‘अण्णा, आता सांगू का मायला?’

त्यांनी दाराकडे, माय बसली होती तिकडे पाहिलं. म्हणाले, ‘कशाला? तुला तिच्यापाशीच ऱ्हायचं हाय.’

गेल्या महिन्यात माळावर उभी होते तेव्हा जीप भरली आणि चालकाने खालून हॉर्न दिला. मी उतरले. घरी आले तेव्हा माय खिडकीशी बसली होती. तिला आता कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं.

‘कुठं गेलतीस?’

‘माळावर. सही करायला.’

‘काय हाय आता तिथं?’

‘पवनचक्क्या.’

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, ‘माणूस वाईट नव्हता तुझा बा. लई जीव हुता त्याचा. पर शबूद पाळला न्हाई.’

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कितीतरी वर्षांपासून तयार आहे. तिने विचारलं, ‘जेवलीस का?’ मी म्हणाले, ‘जेवते.’ आणि उठले.

अण्णा नाहीत. नाना नाही. माळावर मेंढरं नाहीत, लांडगे नाहीत. माय आहे, शेजारच्या खोलीत आहे, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.